आईने सोडलेली कोळंबी

आईला साठ वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी मी तिला दुपारच्या जेवणाला अंधेरीतल्या एका स्पॅनिश हॉटेलात घेऊन गेले. बाबांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

हॉटेल माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत आहे. फार महागडं नाही. लाकडी बाकडी, भिंतीला निळ्या-पिवळ्या फरश्या, मोठ्याने बोललं तरी कोणी वळून बघत नाही असं. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी तिथे दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा मला आईच आठवली होती. कारण तिथे पाएया मिळतो. दोन कानांच्या पसरट कढईत शिजवलेला केशरी भात, आणि त्यावर सालासकट मांडलेली मोठी मोठी कोळंबी. आई मालवणची. कोळंबीवर तिचा फार जीव. तेव्हा साठीला तिला इथेच आणायचं, हे माझं केव्हाच ठरलं होतं.

ती नको म्हणत होती. एवढ्या लांब कशाला, घरीच काहीतरी गोड करते, असं तिने आठवडाभर चालवलं होतं. मला वाटलं, नेहमीची काटकसर. मी ऐकलं नाही. घाटकोपरहून मेट्रो पकडली आणि तिला घेऊन गेले.

अशा ठिकाणी शिरताना दारावरच्या वॉचमनला बसायला स्टूल दिलंय का, हे मी आधी बघते. ही सवय बाबांची. इथे स्टूल होतं, म्हणून मी मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा आत गेले होते. आईने माझी नजर ओळखली आणि म्हणाली, “आहे हो बाई स्टूल. चल आता.”

बाबा महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. पाण्याच्या कपातीवर, हुंड्यावर, अंगात येणाऱ्या बुवांवर, कंत्राटी सफाई कामगारांच्या हातमोज्यांवर. मी त्या पत्रकांवर वाढले. मला वाचता आलेलं पहिलं जोडाक्षर ‘हक्क’ या शब्दातलं होतं. इतर मुली शाळेतून आल्यावर खेळायला जायच्या, तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचे, आणि ते मला शिक्षा वाटायचं नाही. एक पत्रक म्हणजे एक गोष्ट, बाबा सांगायचे. पहिल्या ओळीत काय हवं ते सांगायचं, आणि जे खरं नाही ते छापायचं नाही.

छापताना बिघडलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरात पडलेले असायचे. रविवारी सकाळी बाबा बाजारातून कोळंबी आणायचे आणि तेच कागद जमिनीवर पसरून सोलायला बसायचे. डोकं, साल, पाठीतला काळा दोरा. कोळंबी सोलणं हे आमच्या घरात पुरुषाचं काम होतं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम सांगायचे. आई ओट्याशी वाटण करता करता म्हणायची, “सोला, सोला, भाषण नंतर.”

त्यांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक विधवांबद्दल होतं. वर मोठ्या अक्षरात प्रश्न: जोडीदार गेला म्हणून बाईने काय सोडावे? मग कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, हळदीकुंकवाचं आमंत्रण, एकेकावर चार ओळी. आणि तळाशी उत्तर: काहीही नाही. त्याचं प्रूफ मी तपासलं होतं. नववीत होते. भांडुपपासून मुलुंडपर्यंत आम्ही ते वाटत फिरलो. काही बायका ते घेऊन लगेच पर्समध्ये लपवायच्या, काही परत द्यायच्या, आणि एका बाईने ते वाचून तिथेच रस्त्यात माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

बाबा गेले तेव्हा घरात मी लढायला तयार होते. हा प्रसंग मी नंतर सहा-सात सभांमध्ये सांगितला आहे, तो असा: बाबांना अजून घरातून नेलं नव्हतं. मी खाली अँब्युलन्सवाल्याशी बोलून वर आले, तर आतल्या खोलीत आई पलंगावर बसलेली, शेजारी आत्या. आईच्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटाच्या पुढे, पंजावर आलेल्या. मी धावले. आत्याला बाजूला केलं, बांगड्या परत आईच्या मनगटावर चढवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की या घरात हे चालणार नाही. आत्या रडत बाहेर गेली. ती पुन्हा आमच्याकडे मोकळेपणाने आली नाही.

आठव्या दिवशी शोकसभा झाली. मी बाबांचं ते पत्रक नव्याने छापून घेतलं होतं. तळाशी एक ओळ वाढवली होती, ‘मी काहीही सोडणार नाही’, आणि त्याखाली आईचं नाव. आई पहिल्या रांगेत बसली होती, कपाळाला टिकली, हातात बांगड्या. मी ते वाचून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

हॉटेलात आम्ही खिडकीजवळ बसलो. आधी छोट्या छोट्या बश्या मागवायच्या असतात, त्यांना तापास म्हणतात, हे मी आईला समजावून सांगितलं. मग त्या एकेक करून आल्या. खारवलेली ऑलिव्ह. तळलेल्या बटाट्याच्या फोडी, वर लालसर सॉस. बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट, केकसारखं त्रिकोणी कापलेलं. आणि मातीच्या वाटीत, लसणाच्या तेलात अजून खदखदणारी सोललेली कोळंबी. आईने सगळ्या बश्यांवरून नजर फिरवली.

“हा काय गो, नैवेद्य मांडलाय?” ती म्हणाली. “तुझ्या बाबांनी बघितलं असतं तर उठून गेले असते.”

मी हसले. तीही हसली. तिला ऑम्लेट आवडलं, ते पातळ न करता एवढं जाड कसं शिजवतात ते तिने वेटरला हिंदीत विचारून घेतलं. ऑलिव्ह तिने तोंडात टाकलं आणि चेहरा असा केला की मला पाणी पुढे करावं लागलं. कोळंबीची वाटी तिने माझ्याकडे सरकवली, गरम आहे तोवर तू खा म्हणाली. मी खाल्ली. तळाच्या तेलात पाव बुडवून वाटी पुसून घेतली. मला काही कळलं नाही.

पाएयाला वेळ लागणार होता. तेवढ्यात मी तिला भेट द्यायचं ठरवलं. साठीची भेट म्हणून दुसऱ्या कोणी साडी दिली असती, कुठे सहलीला पाठवलं असतं. मी फोन उघडून तिच्यापुढे एक पत्रक धरलं.

पुढच्या रविवारी मुलुंडला बायकांचा मोठा मेळावा होता. विधवांबद्दलच्या प्रथा बंद करण्याच्या ठरावासाठी मी तिथे बोलणार होते आणि आई स्टेजवर बसणार होती. म्हणजे तसं मी आयोजकांना कळवून टाकलं होतं. त्यासाठी केलेलं हे पत्रक. शोकसभेतला तिचा फोटो, टिकलीचा, आणि वर ओळ: ‘मी काहीही सोडलं नाही’. खाली तिचं नाव. सोमवारी सकाळी ते छापायला जाणार होतं. बाबांचं पत्रक आता तिचं झालं होतं, आणि याहून मोठी भेट मला सुचत नव्हती.

तिने चष्मा लावला आणि पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण तिला बराच वेळ लागला. मग फोन माझ्या बाजूला उलटा ठेवला आणि भात कधी येणार म्हणून विचारलं.

भात आला. दोन जणांनी मिळून कढई आणून मध्ये ठेवली. केशराचा वास, कडेला लिंबाच्या फोडी, काळे शिंपले तोंड उघडून बसलेले, मधे माकुलाच्या चकत्या, आणि वर आठ मोठी कोळंबी, मिशांसकट. आई कढईकडे बघत राहिली. मी तिच्या ताटात भात वाढला आणि वर चार कोळंबी ठेवली, उरलेली चार माझ्या ताटात. तिने एकेक उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

“आई, तू खा की. तुझ्यासाठीच मागवलंय.”

“माका नको.”

आईला मुंबईत येऊन छत्तीस वर्षं झाली. मालवणी ती आता फक्त मावशीशी फोनवर बोलते, किंवा आतून काही हललं की. मी तिच्याकडे बघितलं. पोटाला त्रास होतोय का, डॉक्टरांनी सांगितलंय का, असं सगळं विचारलं. नाही म्हणाली. आणि मग मला एकदम कळलं. मी चौदा महिन्यांतले रविवार आठवायला लागले. कोळंबी घरात होत होती. ती माझ्या ताटात होती, माझ्या डब्यात होती. तिच्या ताटात ती मी पाहिली होती का? मी लॅपटॉप उघडून जेवते. तिच्या ताटाकडे मी बघितलंच नव्हतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तेव्हापासूनच.”

मला राग आला, हे मी लपवणार नाही. दुःख नंतर झालं, आधी राग आला. आमच्या घरात, बाबांच्या घरात, नवरा गेला म्हणून आवडीचा घास सोडायचा? मी तिला सांगायला सुरुवात केली की हे कसं बायकांच्या मनात शतकानुशतकं भरवलेलं आहे, बाईची जीभसुद्धा नवऱ्याच्या नावावर केलेली असते, आणि तू असं वागलीस तर बाकीच्या बायकांनी कोणाकडे बघायचं. वाक्यं तयारच होती. त्यातली अर्धी मुलुंडच्या भाषणातली होती. पलीकडच्या टेबलावरचं एक जोडपं आमच्याकडे बघायला लागलं, म्हणजे माझा आवाज तिथल्या मानानेही चढला असणार.

आईने मला थांबवलं नाही. मी थांबेपर्यंत ती वाट बघत बसली. मग तिने ताटातलं लिंबू कडेला केलं आणि हळू आवाजात बोलायला लागली.

“मला कोणी सांगितलं नाही सोडायला. मला काहीतरी सोडायचं होतं गो. कुंकू तुम्ही ठेवायला लावलंत. बांगड्या तू परत चढवल्यास. मग माझं म्हणून सोडण्यासारखं राहिलं काय? कोळंबी.”

मी म्हटलं, बांगड्या आत्या काढत होती म्हणून मी चढवल्या.

“आत्या नव्हती काढत. ती बिचारी नुसती बसलेली. मीच काढत होते.”

सहा-सात सभांमध्ये मी जे सांगत आले ते माझ्यापुढे तसंच्या तसं उभं राहिलं, आणि त्यात आत्याचे हात बांगड्यांपाशी कुठेच नव्हते. मी दारातून बघितलं तेव्हा ते तिच्या मांडीवर होते. बाकीचं मी माझ्या वाचनातून भरलं होतं.

“तू एवढी धावत आलीस,” आई म्हणाली. “मला वाटलं, असू दे. पोरीचा बाप गेलाय. तिला हेच धरून उभं राहायचंय, तर राहू दे.”

मग तिने ते सांगितलं जे मला आजही ऐकू येतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, नव्याने राहायला आलेल्या शेजारणीशी बोलताना, कोणालाच तिच्याकडे बघून काही कळत नाही. ती शेजारीण एकदा दारात उभी राहून म्हणाली, मिस्टर दिसत नाहीत कधी? आणि आईने सांगितलं, बाहेरगावी असतात. तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण कपाळावर टिकली घेऊन ‘ते गेले’ हे तोंडातून निघेना. त्यानंतर ती शेजारीण दर थोड्या दिवसांनी विचारते, आले का मिस्टर?

“नवरा गेलाय माझा,” आई म्हणाली. “आणि मला चार दिवस विधवा होऊ दिलं नाहीत तुम्ही.”

वेटर येऊन सगळं ठीक आहे का विचारून गेला. आईनेच हो म्हणून सांगितलं.

मला एक गोष्ट इथे स्वच्छ लिहायची आहे. विधवा प्रथेबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. ज्या बायकांच्या बांगड्या दुसऱ्यांनी फोडल्या, त्या मी पाहिल्या आहेत. तीस वर्षांच्या बाईला ओटीच्या वेळी स्वयंपाकघरात बसवलेलं मी पाहिलं आहे. त्याविरुद्ध मी मरेपर्यंत बोलणार. बाबांच्या त्या पत्रकातला एक शब्दही मी चुकीचा म्हणणार नाही. पण त्या पत्रकात बाईने काय सोडावं हा प्रश्न बाईला विचारलेला नव्हता. प्रश्नही आम्हीच विचारला होता, उत्तरही आम्हीच छापलं होतं, आणि सही मी तिची टाकली होती. जे खरं नाही ते छापायचं नाही, या घरात.

हे सगळं मला आज सुचतं. त्या दिवशी मी फक्त भाताकडे बघत बसले होते.

आईने माझं ताट स्वतःकडे ओढलं. आठही कोळंबी आता माझ्या ताटात होती आणि मला ती सोलता येत नाही. मी कधी शिकलेच नाही, बाबा होते. तिने एकेक घेतली, डोकं पिरगाळून काढलं, साल उतरवली, पाठ नखाने चिरून दोरा ओढला. चकचकीत टेबलावर तिने कागदी रुमाल पसरला होता आणि साली त्यावर ठेवत होती. आठ झाल्यावर तिने ताट परत माझ्यापुढे केलं.

“खा. गार होतंय.”

मी खाल्ली. चव काय होती ते मला आठवत नाही. भाताचा तळ कढईला धरला होता आणि तो खरवडून खायचा असतो, असं वेटर येऊन सांगत होता, आणि आई चमच्याने तो खरवडत त्याला सांगत होती की आमच्यात अशा भाताला करपला म्हणतात. तो हसला. तीही चांगली हसली. एवढं बोलून झाल्यावर तिला हलकं वाटत असावं, किंवा माझ्यासाठी ती तसं करत असावी. मला अजून तिचं हे ओळखता येत नाही.

हात धुवायला आम्ही दोघी गेलो. बेसिनपाशी तिने बांगड्या काढल्या, मासळीच्या हाताला तसं करावंच लागतं. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, लिंबाची एक फोड ती टेबलावरून घेऊन आली होती ती बोटांना चोळली, पुन्हा धुतले, पुसले. बांगड्या नळाच्या बाजूला पडल्या होत्या. मी आरशात बघत होते. तिने त्या उचलल्या, कागदी रुमालात गुंडाळल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. मग माझ्याकडे बघितलं, क्षणभरच. मी नळ बंद केला.

मेट्रोच्या फलाटावरून मी छापखान्यात फोन लावला. छापखान्याचे काका बाबांच्या वेळेपासूनचे. मी सांगितलं, उद्याचं पत्रक थांबवा. ते वैतागले, कागद कापून ठेवलाय म्हणाले, फोटो एवढा छान आलाय, आणि नेमकं काय बदलायचं ते सांग. मी म्हटलं, काही बदलायचं नाही, छापायचंच नाही. आईची परवानगी नाही. काका म्हणाले, “तू विचारलं नव्हतंस?”

मी नाही म्हटलं.

रविवार दुपार, त्यामुळे गाडीत बसायला जागा होती. आई खिडकीशी बसली, पर्स मांडीवर, त्यावर मोकळे हात. मनगटावर बांगड्यांच्या जागी कातडीचा एक फिकट पट्टा होता. चकाला गेलं, मरोळ नाका गेलं. मी म्हटलं, मुलुंडच्या लोकांना मी कळवते, तू येणार नाहीस म्हणून. तिने मान हलवली. साकीनाक्याच्या पुढे कधीतरी ती रडायला लागली. आवाज न करता, चष्मा न काढता. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ती खंबीर आहे असं सगळ्यांना सांगत होते.

मी तिच्या हाताला हात लावला नाही. तो मागे एकदा लावला होता.

घाटकोपर आलं. शेवटचं स्टेशन, दारं उघडली, सगळे उतरले. आई उठली नाही, म्हणून मीही उठले नाही. डब्यात आम्ही दोघीच. मग नवी माणसं चढली, एक बाई पिशव्या घेऊन आमच्या समोर बसली, तिने आईकडे बघितलं आणि नजर वळवली. दारं बंद झाली आणि गाडी पुन्हा अंधेरीकडे निघाली.